अलिबागचा पांढरा कांदा गोड का?

फेब्रुवारी उजाडला की वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विशेषतः कार्लेखिंडीच्या आसपास, पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. वाळलेल्या पातीची वेणी घालून त्यात कांदे ओवलेले असतात. मुंबई-पुण्याचे प्रवासी गाडी थांबवून दोनचार माळा घेतात. हा कांदा चवीला गोड, कच्चा खाता येण्याजोगा आणि चिरताना डोळ्यांत पाणी न आणणारा, अशी त्याची ख्याती आहे.

आम्ही एका वर्षी दोन माळा आणल्या. एक गावातल्या शेतकऱ्याच्या पडवीतून, दुसरी परतीच्या वाटेवर एका टपरीवरून. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. घरी आल्यावर पहिल्या माळेतला कांदा काकडीसारखा कापला गेला. दुसऱ्या माळेतल्या कांद्याने मात्र स्वयंपाकघर रिकामे केले! दोन्ही कांदे 'अलिबागचे' म्हणूनच विकले गेले होते. दुसरा बाहेरून आणलेला होता की अलिबागच्याच एखाद्या शेतात वाढून तिखट झाला होता, हे नुसते बघून सांगता येणे शक्य नव्हते. पण यातून एक चांगला वैज्ञानिक प्रश्न मात्र हाती लागला. एखाद्या गावाची चव पिकात उतरते असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय उतरते? आणि कशातून?

या प्रश्नावर सर्वांत जास्त खल केला आहे तो फ्रेंच लोकांनी, आणि तोही द्राक्षाच्या लाल दारूच्या निमित्ताने. त्यांच्या भाषेत 'तेर्वार' असा एक शब्द आहे. जमीन, तिचा उतार, तिथला पाऊस आणि ऊन, पिकाची जात आणि शेतकऱ्याची पिढीजात पद्धत या सगळ्यांचा मिळून पिकावर जो ठसा उमटतो, तो म्हणजे तेर्वार. मराठीत एका शब्दात सांगायचे तर 'मातीचा गुण' म्हणता येईल, पण त्यात फक्त माती नाही हे लक्षात ठेवायला हवे. फ्रान्सने १९३५ साली या कल्पनेला कायद्याचे रूप दिले. अमुक गावाचे नाव बाटलीवर लावायचे तर द्राक्षे त्याच हद्दीतली, ठरवून दिलेल्या जातींची आणि ठरलेल्या पद्धतीने वाढवलेली हवीत, असे नियम झाले. हा नियम पुढे दारूपुरता राहिला नाही. ब्रिटनी प्रांतातल्या रॉस्कॉफ बंदराच्या परिसरातला गुलाबी कांदाही २००९ साली त्यात आला. या कांद्याच्याही माळाच करतात. एकोणिसाव्या शतकात तिथले शेतकरी माळा घेऊन जहाजाने इंग्लंडला जात आणि दारोदार विकत. इंग्रजांनी त्यांना 'जॉनी' असे टोपणनाव दिले होते. कार्लेखिंडीतले दृश्य त्यांना अनोळखी वाटले नसते.

आपल्याकडे असाच कायदा १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. 'भौगोलिक मानांकन' म्हणतात ते हेच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासाठी कृषी विभाग आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांनी २०१९ मध्ये प्रस्ताव मांडला. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरचा त्यात आधार घेतला गेला. (रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागेल.) २०२१ च्या सप्टेंबरात प्रस्तावाची छाननी होऊन मानांकनाचा मार्ग मोकळा झाला. कांद्याचे वेगळेपण सांगताना तिखटपणा कमी, पायरुविक आम्ल कमी आणि जमिनीत गंधकाचे प्रमाण कमी या गोष्टी नोंदवल्या गेल्या. या तिन्ही गोष्टी एकाच साखळीचे दुवे आहेत. ती साखळी उलगडून पाहू.

कांद्याच्या पेशीत काय घडते

अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. हे आपण रोज पाहतो, पण त्याचे कारण क्वचितच विचारतो. कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. पेशीद्रवात गंधक असलेली काही अमिनो आम्ले असतात. त्यांना वास नसतो. पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत, अलिनेज नावाचे विकर असते. सुरी फिरली की पेशी फुटतात, कप्पे मोडतात आणि दोन्ही एकत्र येतात. मग विकर त्या अमिनो आम्लांचे तुकडे करते. त्यातून पायरुविक आम्ल, अमोनिया आणि गंधकाची काही अतिशय चंचल संयुगे तयार होतात. कांद्याचा वास आणि तिखटपणा या चंचल संयुगांचा.

डोळ्यांत पाणी आणणारा वायू यांपैकीच एक. तो आपोआप तयार होतो असे बरीच वर्षे मानले जात होते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र विकर असते. लसणात अलिनेज असूनही लसूण सोलताना रडू येत नाही, याचा उलगडा यातून झाला. या संशोधनाला २०१३ साली 'आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे' म्हणून दिले जाणारे इग नोबेल मिळाले. हसणाऱ्यांनी हसावे. पण कांद्यासारख्या रोजच्या वस्तूत एक अख्खे विकर इतकी वर्षे लपून राहिले होते, ही गोष्ट आम्हाला वर्गात सांगण्यासारखी वाटते.

आता पायरुविक आम्लाकडे येऊ. ते स्वतः तिखट नसते. पण तिखट संयुगाचा प्रत्येक रेणू बनताना पायरुविक आम्लाचाही एक रेणू सुटतो. चंचल वायू मोजणे कठीण, पायरुविक आम्ल मोजणे सोपे. म्हणून १९६१ पासून कांद्याचा तिखटपणा पायरुविक आम्लाच्या प्रमाणावरून सांगतात. एक ग्रॅम ताज्या कांद्यात ते साधारण पाच मायक्रोमोलपेक्षा कमी असेल तर कांदा सौम्य, दहाच्या वर गेले तर चांगलाच झणझणीत. समारंभाला किती पाहुणे जेवले हे उष्ट्या पत्रावळी मोजून ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गोड कांद्यात साखर जास्त असते असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. बऱ्याच तिखट कांद्यांत साखर आणि एकूण घन पदार्थ गोड कांद्यापेक्षा जास्तच भरतात. फक्त तिखटपणाने जीभ इतकी गुंतते की गोडी जाणवत नाही. याचा पुरावा कोणत्याही स्वयंपाकघरात मिळतो. नाशिककडचा लाल, तिखट कांदा न कापता चुलीच्या निखाऱ्यात भाजा किंवा कुकरमध्ये अख्खा वाफवा आणि मग कापा. डोळ्यांना झोंबत नाही आणि चव सरळ गोड लागते. आपण साखर घातलेली नाही. उष्णतेने विकरे निकामी झाली, इतकेच. कप्पे मोडले तरी कापण्याचे काम करणारा कामगारच उरला नाही. शेतावर भाकरीबरोबर कांदा सुरीने न चिरता बुक्कीने फोडून खातात, त्यामागेही असेच काहीसे असावे असे आम्हाला वाटते. बुक्कीने कांदा बराचसा पापुद्र्यांच्या सांध्यांत उकलतो, सुरीइतक्या पेशी फुटत नाहीत.

तेव्हा अलिबागचा कांदा गोड का, या प्रश्नाची मांडणीच बदलायला हवी. त्यात गोडी कुठून आली हे विचारण्यापेक्षा तिखटपणा का आला नाही हे विचारावे.

जमीन काय देत नाही

तिखट संयुगांच्या प्रत्येक रेणूला गंधकाचा अणू लागतो. कांद्याला गंधक मिळते ते मुख्यतः मुळांवाटे, सल्फेट आयनाच्या रूपात. जमिनीत सल्फेट भरपूर असेल तर कांदा आपल्या प्रथिनांपुरते गंधक वापरून उरलेले या अमिनो आम्लांत साठवतो. सल्फेट तुटपुंजे असेल तर प्रथिनांची गरज आधी भागते आणि साठवायला थोडेच उरते. तिखटपणा हा कांद्याचा शिल्लक खर्चातून केलेला बंदोबस्त आहे. कीड आणि जनावरे दूर ठेवण्याचा.

मग अलिबागच्या जमिनीत सल्फेट कमी का? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. समुद्र शेजारी आहे, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमपेक्षा जास्त सल्फेट असते. वाऱ्याबरोबर खारे तुषार जमिनीवर येत असतात. तरीही कमतरता? उत्तराचा मोठा भाग पावसात आहे. या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युतभार असतो. पोटॅशियम, कॅल्शियमसारखे धन आयन त्यांना चिकटून राहतात. सल्फेट आयन ऋण, त्याला धरून ठेवणारे वरच्या थरात फारसे कोणी नसते. पावसाचे पाणी खाली झिरपते आणि त्याला सोबत घेऊन जाते. नायट्रेटचेही असेच होते. कोकणच्या मातीत लोह भरपूर असल्याने काही सल्फेट खोल थरात अडकते, पण कांद्याची मुळे उथळ, बहुतेक वीतभर खोलीतच. तिथवर ती पोचत नाहीत.

दुसरे कारण भात. हा कांदा स्वतंत्र शेतात होत नाही. भातकापणीनंतर त्याच खाचरात, शिल्लक ओलीवर आणि विहिरी-तळ्यांच्या पाण्यावर तो घेतला जातो. भाताचे खाचर महिनोन्‌महिने पाण्याखाली असते. चिखलातला ऑक्सिजन संपला की काही जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरू लागतात आणि त्याचे सल्फाइड बनवतात. ते लोहाशी संयोग पावून काळे होऊन बसते. भाताच्या खाचरातल्या चिखलाचा काळपटपणा आणि कुजकट वास यांत याचाही वाटा असतो. खाचर सुकल्यावर यातले काही सल्फाइड पुन्हा सल्फेट बनते, म्हणून एवढ्या एका कारणावर सारा भार टाकणे बरोबर होणार नाही. पण पाऊस आणि भात मिळून कांद्यासाठी पान मांडतात ते गंधकाच्या बाबतीत बरेच रिकामे असते.

समुद्राच्या तुषारांबद्दलची शंकाही इथे मिटते. खाडीलगतच्या खारजमिनीत सल्फेट असते, पण मीठही असते, आणि कांदा हे खारेपणाला अतिशय नाजूक पीक आहे. भाजीपाल्यात तो सर्वांत लवकर माघार घेणाऱ्यांपैकी. त्यामुळे कांदा होतो तो गोड्या खाचरांत, खारबंदिस्तीच्या आतल्या बाजूला. कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, तळवली, वाडगाव ही त्याची नावाजलेली गावे.

समुद्राचा आणखी एक उपकार आहे. उष्णता वाढली किंवा पाण्याचा ताण पडला की कांदा अधिक तिखट होतो, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक देशावरच्या मानाने कमी असतो आणि शेतकरी हलके पण नियमित पाणी देतात. कांद्याला त्रास कमी होतो, तेवढा तो रागही कमी धरतो.

फ्रेंच दारूच्या अभ्यासात निघालेला निष्कर्ष याच्याशी जुळणारा आहे, आणि तो आम्हाला फार बोलका वाटतो. अमुक दारूत चुनखडीची चव, तमुक दारूत गारगोटीची चव, असे रसिक म्हणतात. पण दगडाची चव मुळांवाटे द्राक्षात जात नाही. मुळे आयन घेतात, खडक नव्हे. बोर्दो येथील जेरार सेगँ या संशोधकाने तिथल्या नामांकित मळ्यांच्या मातीचा अनेक वर्षे अभ्यास केला. उत्तम मळ्यांच्या मातीचे रसायन एकमेकांपेक्षा बरेच वेगळे निघाले. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती, पाण्याची वागणूक. जमीन जास्तीचे पाणी चटकन सोडून देई आणि वेलाला मात्र हळूहळू, हात आखडून पुरवी. पाणी आखडले की मण्यांचा आकार लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल दारूचा रंग व तुरटपणा येतो तो सालीतूनच. म्हणजे तिथेही जमिनीने काय दिले यापेक्षा काय नाकारले याला महत्त्व आहे. तिथे पाणी, इथे गंधक.

बी कोणाचे

मातीचे एवढे कौतुक केल्यावर कोणी म्हणेल की मग कोणताही कांदा अलिबागला लावा, गोड होईल. तसेही नाही. तिखटपणाचा पल्ला जातीनुसार ठरतो. माती त्या पल्ल्यात कांदा वर किंवा खाली सरकवते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात विडेलिया नावाच्या गावाभोवतीचा कांदा असाच गोड म्हणून प्रसिद्ध आहे. १९३१ साली तिथल्या मोझेस कोलमन नावाच्या शेतकऱ्याच्या ध्यानात आले की आपला कांदा तिखट निघालाच नाही. वाळूसर जमीन, गंधक कमी. नाव झाल्यावर बाहेरचे कांदे त्याच नावाने विकले जाऊ लागले आणि १९८६ मध्ये राज्याला कायदा करावा लागला. त्या कायद्यात नुसती हद्द नाही, कांद्याचा प्रकारही ठरवलेला आहे. द्राक्षाच्या बाबतीत तर मौज अशी की एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रेंच मळे उद्ध्वस्त केल्यापासून तिथले बहुतेक सारे वेल अमेरिकी खुंटावर कलम केलेले आहेत. फ्रेंच मातीत मूळ आहे ते अमेरिकी!

अलिबागचे शेतकरी आपले बी आपणच धरतात. काढणीनंतर चांगले कांदे निवडून ठेवायचे, पुढच्या हंगामात ते पुन्हा लावायचे आणि फुलोऱ्याचे बी घ्यायचे. कांद्यात परपरागीभवन होते आणि ते मधमाश्या करतात. शेजारी लाल कांदा फुलावर असेल तर त्याचे परागकण येणारच. बियाण्याच्या शेतात म्हणून पाचशे मीटर ते एक किलोमीटर अंतर राखायला सांगतात, जे छोट्या खाचरांच्या गावात नेहमी जमत नाही. इथे मेंडेलचा नियम शेतकऱ्याच्या मदतीला येतो. कांद्याचा पांढरा रंग बहुधा अप्रभावी गुण असतो. पांढऱ्याच्या फुलावर लालचा पराग पडला तर त्या बीचा कांदा रंगीत निघतो आणि निवडताना लगेच बाहेर पडतो. चोर आपणहून पकडला जातो. पण दुसऱ्या कुठल्या पांढऱ्या, तिखट कांद्याचा पराग आला तर? मग रंग काहीच सांगत नाही. बाहेरचे स्वस्त पांढरे बी गावात आणणे म्हणून धोक्याचे. बारावीच्या वर्गात आनुवंशिकी शिकवताना वाटाण्याऐवजी हे उदाहरण घेऊन पाहावे.

पांढरेपणाची किंमतही मोजावी लागते. रंगीत कांद्याच्या बाहेरच्या वाळक्या सालीत काही फिनॉल वर्गातली संयुगे असतात आणि ती काळा डाग पाडणाऱ्या एका बुरशीला रोखतात. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथे वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले. वनस्पतींच्या रोगप्रतिकाराचे रसायनशास्त्र जिथून सुरू झाले त्यांपैकी हे एक संशोधन. पांढऱ्या कांद्याच्या सालीत हे संरक्षण नसते. शिवाय सौम्य कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तो टिकायलाही कच्चा. ढीग घालून ठेवला तर दमट हवेत सडतो. माळ करून पडवीत वाऱ्यावर टांगायची पद्धत म्हणूनच पडली असावी. ती गिऱ्हाइकाला देखणी दिसते हा नंतरचा लाभ. माळा करण्याचे काम बहुतांशी बायका करतात आणि ते वेळखाऊ आहे. कांद्याच्या भावात ही मजुरी धरलेली असते हे घासाघीस करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

याच ओघात एक कुरबूर. या कांद्याच्या गुणवर्णनात क्वेर्सेटिन हे प्रतिऑक्सिडक भरपूर असल्याचे छापून येते. क्वेर्सेटिनची संयुगे पिवळसर असतात, आणि जगभर जे कांदे तपासले गेले त्यांत लाल-पिवळ्यांत ते भरपूर आणि पांढऱ्यांत अगदी नाममात्र आढळले आहे. चांगल्या मालाला उसने गुण चिकटवू नयेत. तिखटपणा कमी, हा या कांद्याचा गुण खरा आणि मोजता येण्याजोगा आहे. तेवढा पुरेसा आहे.

'सेंद्रिय' आणि गंधक

माळ विकताना हल्ली 'सेंद्रिय आहे' असेही सांगतात. शेणखतावर वाढलेला कांदा गोड असतो या समजुतीत तथ्य आहे, पण कारण वेगळे आहे. शेणखतातले गंधक सेंद्रिय रेणूंत बांधलेले असते. जिवाणू ते कुजवतील तसतसे थोडे थोडे सल्फेट सुटते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात मात्र स्फुरदाबरोबर ११-१२ टक्के गंधकही येते, तेही सल्फेटच्या रूपात, लगेच मिळणारे. अमोनियम सल्फेटमध्ये ते २४ टक्के असते. युरियात गंधक अजिबात नाही. अलिबाग तालुक्यातच थळ येथे युरियाचा मोठा कारखाना आहे. गंधकाच्या हिशोबाने पाहिले तर या रासायनिक युरियापासून कांद्याच्या गोडीला धोका नाही, तर जिप्समसारख्या नैसर्गिक खनिजापासून आहे. जिप्सम सेंद्रिय शेतीतही चालते आणि त्यात सुमारे १८ टक्के गंधक असते! युरिया भरमसाट टाकल्याने कांद्याची मान जाड होते, तो लवकर सडतो, तो तोटा वेगळा.

सेंद्रिय म्हणजे रसायनमुक्त, हे समीकरणही खरे नाही. फ्रान्समधल्या सेंद्रिय द्राक्षमळ्यांत भुरी रोगासाठी गंधकाची पूड आणि केवड्यासाठी बोर्डो मिश्रण वापरायला परवानगी आहे. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, १८८५ साली मिलार्दे यांनी ते प्रसिद्ध केले. आपल्या श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागांत कोळे रोगावर फवारतात ते हेच. तांबे मातीत साचत जाते म्हणून युरोपात हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांबे अशी मर्यादा घातली आहे. दारू टिकवायला सल्फाइटही चालते, फक्त कमी. साखर न उरलेल्या लाल दारूत एरवी लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत, तर सेंद्रिय म्हणवणाऱ्या दारूत १०० पर्यंत. हा २०१२ चा नियम. सेंद्रिय ही काय वापरावे याची यादी आहे. मातीचा गुण टिकतो की नाही हे ती यादी पाहत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. मानांकन नावाचे रक्षण करते, हद्दीचे करते. गंधकाचे रक्षण ते आपोआप करत नाही. कांद्यासाठी सर्वसाधारण खतशिफारशींत गंधकही असते, कारण त्याने वजन वाढते, आणि बहुतेक ठिकाणी ते योग्यच आहे. नाव झाले, मागणी वाढली, की अलिबागचा शेतकरी उत्पन्न वाढवण्यासाठी तेच पोते उचलणार. त्याला दोष कसा द्यावा? तालुक्यातली जमीन बंगल्यांसाठी ज्या भावाने जाते त्यापुढे कांदा किती टिकणार, हाही प्रश्न त्याच्यासमोर असतो. पण पोते पडल्यावर जो कांदा निघेल तो अलिबागच्या मातीतला, अलिबागच्या बीचा, मानांकनाच्या हद्दीतला आणि तरीही झोंबणारा असू शकेल. आमच्या दुसऱ्या माळेचे गूढ कदाचित हेच असेल. जॉर्जियातले शेतकरी यावर तोडगा म्हणून लागवडीच्या सुरुवातीला गरजेपुरते गंधक देतात आणि कांदा पोसू लागण्याआधी ते थांबवतात. इथेही गावनिहाय माती आणि कांद्यातले पायरुविक आम्ल दरवर्षी मोजून ठेवले तर कुठे थांबायचे ते ठरवता येईल. कृषी विद्यापीठाला हे अवघड नाही.

शाळेतही याचा एक भाग करून पाहता येईल. कांद्याची एकाच वाफ्यातली रोपे घ्या. भाताच्या खाचरातली माती आणि धुतलेली नदीची वाळू निम्मी-निम्मी मिसळून बारा कुंड्या भरा. चार कुंड्या तशाच ठेवा. चार कुंड्यांत किलोमागे अर्धा ग्रॅम जिप्सम मिसळा, म्हणजे सुमारे ९० मिलिग्रॅम गंधक झाले. उरलेल्या चारांत किलोमागे ०.७ ग्रॅम एप्सम मीठ मिसळा. त्यातूनही गंधक तेवढेच मिळते. तिसरा गट कशाला, असे विद्यार्थ्यांना विचारावे. जिप्सममधून कॅल्शियमही जाते, आणि फरक कॅल्शियमने पडला की गंधकाने हे दोनच गटांतून कळणार नाही. पाणी सगळ्यांना सारखे आणि विहिरीचे असेल तर त्यातही सल्फेट असू शकते, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. काढणीनंतर कांदे आठवडाभर सावलीत वाळवून, कुंडीचा क्रमांक लपवून, सारख्या जाडीच्या फोडी दहा विद्यार्थ्यांना चाखायला द्याव्यात. दोन फोडींमध्ये गुळाचा खडा, पाणी आणि पाच मिनिटे थांबणे आवश्यक, नाहीतर पहिल्या तिखट फोडीनंतर पुढच्या सगळ्याच तिखट लागतात. प्रत्येकाने शून्य ते पाच गुण द्यायचे आणि क्रमांक शेवटी उघडायचे. रोपे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुंड्यांत गेली तर मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, कांदे हाती येतात.